दोन लॅन केबल एकत्र बांधल्या, तरी सर्व्हरचा स्पीड तेवढाच. बाँडिंगमध्ये कुठे अडतंय?

पेठेतली प्रेस

नमस्कार मंडळी. नारायण पेठेत आमची ऑफसेटची प्रेस आहे. खाली मशिनी, वर डीटीपी आणि सीटीपी (कॉम्प्युटरवरून थेट छपाईची प्लेट काढणं). मी खरं तर हिशेब आणि गिऱ्हाइकं बघते, पण "हिला कॉम्प्युटरचं कळतं" असं घरात एकदा ठरलं की सर्व्हरही आपल्याच गळ्यात पडतो.

सर्व्हर म्हणजे एक टॉवर मशीन. उबंटू २२.०४, चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क मिररमध्ये, त्यावर सांबाचा शेअर, म्हणजे विंडोजच्या मशिनींना दिसणारं सामायिक फोल्डर. बोर्डावर गिगाबिटचे दोन पोर्ट. सात डिझायनर आणि रिपचं मशीन (पानांच्या फायलींतून प्लेटच्या प्रतिमा बनवणारं) असे सगळे त्याच शेअरवरून काम करतात. दिवाळी अंकांची घाई सुरू झाली की सगळे एकदमच फायली उघडतात, त्यात रिपने प्लेटच्या टिफ ओढायला घेतल्या की डिझायनरांची स्क्रीन गोठते आणि मग वरून हाका सुरू होतात.

आमचा हार्डवेअरवाला म्हणाला, दुसरा पोर्ट रिकामाच आहे, बाँडिंग करू, स्पीड दुप्पट. केलं. मोड ४, म्हणजे एलएसीपी, त्यात सर्व्हर आणि स्विच आपसात बोलून वायरींचा गट ठरवतात. स्विच १६ पोर्टचा आहे, ब्राउझरमधून सेटिंग होणारा, त्यातही दोन पोर्टांचा ग्रुप केला. पण एका मशीनवरून मोठी फाईल कॉपी केली तर आधी सेकंदाला ११२ एमबी यायचे, आताही तेवढेच येतात. तो म्हणतो, विंडोजचा प्रॉब्लेम.

दुसरी गोष्ट. मध्यंतरी एका गुरुवारी लाईट जाऊन आली आणि स्विचचा अ‍ॅडॉप्टर उडाला. नवा मिळेपर्यंत वरचा मजला चहा पीत बसला. कपाटात एक जुना आठ पोर्टचा साधा स्विच पडून आहे. सर्व्हरची दुसरी वायर त्यात घातली तर एक स्विच गेला तरी काम चालू राहील ना?

आणि तिसरा प्रश्न बाबांचा. दोन कंपन्यांच्या इंटरनेटच्या दोन लाईनी घेतल्यात, त्याही अशाच बांधता येतील का?

सर्व्हरच्या प्रॉक फोल्डरमधली बाँड-झिरोची (आमच्या बाँडचं नाव) स्टेटस फाईल बघितली. दोन्ही पोर्ट अप आहेत. पहिल्याचा स्पीड १०००, अ‍ॅग्रिगेटर आयडी १. दुसऱ्याचा स्पीड १००, अ‍ॅग्रिगेटर आयडी २. हॅश पॉलिसी लेयर २. पार्टनरच्या, म्हणजे समोरच्या स्विचच्या, मॅक अ‍ॅड्रेसमध्ये (नेटवर्क उपकरणाचा स्वतःचा नंबर) काहीतरी नंबर दिसतोय, नुसती शून्यं नाहीत. यातलं मला काय कळणार? कोणी सांगेल का?

बिनधास्त कोथरूड

मोड ४ सोडा, मोड ० लावा. राऊंड रॉबिन. एक पॅकेट या वायरीने, एक त्या वायरीने. एका फाईललाही दोन्ही वायरी वापरणारा तोच एक मोड आहे. विषय संपला.

भोसरी नाईट शिफ्ट

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे. ती फाईल उघडायला अर्धं मिनिट लागतं. हार्डवेअरवाल्याने ती उघडली असती तर विंडोजवर ढकलायची वेळ आली नसती.

दुसरा पोर्ट १०० वर बसलाय. एलएसीपी सारख्या स्पीडच्याच वायरी एका गटात घेतो. एक १०००ची आणि एक १००ची दिसली की दोन वेगळे गट, म्हणजेच दोन अ‍ॅग्रिगेटर होतात, आणि एका वेळी एकाच अ‍ॅग्रिगेटरमधून डेटा जातो. तुमची दुसरी वायर आज नुसती राखीव बसलेली आहे. पार्टनरचा मॅक दिसतोय त्याअर्थी स्विच एलएसीपी बोलतोय. तिथे सगळी शून्यं असती तर स्विचवर सेटिंग झालेलंच नाही असं म्हटलं असतं. म्हणजे राहिली वायर.

गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १००ला दोन पुरतात. क्रिंपिंग करताना एक जोडी नीट बसली नाही की बरीच कार्डं गुपचूप १०० वर उतरतात. दिवा हिरवाच राहतो, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. ती केबल काढा आणि कंपनीत तयार झालेली पॅच कॉर्ड लावा. तपकीर गल्लीत घ्यायला जाल तर तांब्याचीच आहे का ते विचारा. स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा.

आता केबल बदलली तरी एका मशीनवरून कॉपी करताना ११२ ते ११८च दिसतील, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुन्हा इथे येऊन मला बोल लावाल. गिगाबिट म्हणजे १००० भागिले ८, १२५ एमबी. त्यातून हेडर वगैरे वजा जाता उरतं ते तेवढंच. मोड ४ मध्ये एक कनेक्शन कायम एकाच वायरीवरून जातं. दोन वायरींचा फायदा होतो तो दोन-चार जण एकदम ओढत असतात तेव्हा. तुमचं दुखणं नेमकं तेच आहे, त्यामुळे बाँडिंग तुमच्या कामाचं आहे. "दुप्पट स्पीड" हे विकायचं वाक्य झालं.

कोणाचा डेटा कोणत्या वायरीवर जाणार हे हॅश पॉलिसी ठरवते. लेयर २ मध्ये हिशेब फार साधा असतो. सर्व्हरच्या मॅक अ‍ॅड्रेसचा शेवटचा भाग, समोरच्या मशीनच्या मॅकचा शेवटचा भाग, दोघांचा एक्सऑर (बिट सारखे तर ०, वेगळे तर १), आणि त्याला वायरींच्या संख्येने भागून उरलेली बाकी. दोनच वायरी असल्या की सगळा खेळ सम-विषमवर येतो, पेठेतल्या पार्किंगसारखा. एकाच लॉटमध्ये घेतलेल्या मशिनींचे मॅक सगळे सम निघाले तर सगळ्या एकाच बाजूला उभ्या राहतात आणि समोरची बाजू मोकळी. तुमच्या मशिनींचे मॅक काढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

उपाय म्हणजे पॉलिसी लेयर ३+४ करा. मग आयपी आणि पोर्ट नंबर हिशेबात येतात आणि वाटणी बरी होते. ही पॉलिसी एलएसीपीच्या नियमात काटेकोर बसत नाही, कारण तुकडे झालेल्या पॅकेटमध्ये पोर्ट नंबर सापडत नाही आणि क्रम मागेपुढे होऊ शकतो. पण सांबा टीसीपीवर चालतो, त्यात पॅकेटचे असे तुकडे सहसा होत नाहीत, तुम्हाला त्याचा त्रास होणार नाही.

अजून एक, जे बहुतेक लोक विसरतात. सर्व्हरवरची पॉलिसी फक्त सर्व्हरमधून बाहेर जाणाऱ्या डेटाला लागू असते. डिझायनर फाईल उघडतो तेव्हा तुमची पॉलिसी. तो सेव्ह करतो तेव्हा कोणत्या वायरीने पाठवायचं हे स्विच ठरवतो, आणि त्याचं हॅशचं सेटिंग स्विचच्या पेजवर वेगळं शोधावं लागतं. सगळ्या स्विचमध्ये ते बदलता येतंच असं नाही.

आणि डिस्क! फिरत्या हार्ड डिस्कच्या मिररवरून आठ जण वेगवेगळ्या फायली मागायला लागले की डिस्कचं डोकं इकडून तिकडे पळत बसतं. तेव्हा एक गिगाबिटही भरेल याची खात्री नाही. घाईच्या वेळी सर्व्हरवर आयओस्टॅट (डिस्क किती व्यस्त आहे ते दाखवणारी कमांड) लावून बघा. डिस्क १०० टक्के व्यस्त आणि नेटवर्क निवांत असेल तर वायरींवर पैसे घालू नका, चालू कामापुरती एसएसडी घ्या.

@बिनधास्त कोथरूड, मोड ० चं खरं आहे, एका कनेक्शनला दोन्ही वायरी तोच देतो. पण पॅकेट उलटसुलट पोचतात, टीसीपीला वाटतं मधलं हरवलं, आणि तो तीच पॅकेटं पुन्हा पाठवायला लागतो. शिवाय स्विचकडून परत येणारी वाटणी राऊंड रॉबिन नसतेच. बाँडिंगचा ड्रायव्हर मुळात डोनाल्ड बेकरच्या बेओवुल्फ पॅचमधून आला, लिनक्स कर्नल २.०च्या काळात, स्वस्त मशिनी जोडून क्लस्टर करायला. तिथे दोन्ही टोकं आपल्या हातात असायची. पेठेतल्या प्रेसमध्ये समोर विंडोज आहे.

बाबांना सांगा, इंटरनेटच्या दोन लाईनी अशा बांधता येत नाहीत. बाँडिंगला समोरचं टोकही एकच लागतं, तुमच्या लाईनींची टोकं दोन वेगळ्या कंपन्यांकडे. तिथे दोन वॅन पोर्टचा (इंटरनेटच्या लाईनीचे पोर्ट) राऊटर घ्या. एक लाईन गेली की दुसरी, किंवा अर्धे लोक इकडे अर्धे तिकडे.

स्विचच्या प्रश्नावर माझ्यापेक्षा नेटवर्कवाल्यांनी बोललेलं बरं.

पेठेतली प्रेस

काका, केबल बदलली. जुनीची एक तार खरवडली, आत पांढरीच निघाली. आता दोन्ही पोर्ट १००० वर आणि दोघांचा अ‍ॅग्रिगेटर आयडी १.

मॅकही काढले. सातपैकी पाच मशिनी सम, त्या खरोखर एकाच वेळी घेतलेल्या. रिपही सम. पॉलिसी ३+४ करायची आहे, पण त्याआधी आयपर्फने (नेटवर्कचा स्पीड मोजणारा प्रोग्राम) मोजून बघावं म्हटलं. एका मशीनवरून लावलं, ९४० एमबीपीएस आले. दुसऱ्या मशीनवरून त्याच वेळी लावायला गेले तर "सर्व्हर बिझी" म्हणतो. हे बाँडिंगमुळे आहे का?

भोसरी नाईट शिफ्ट

नाही. आयपर्फ ३चा सर्व्हर एका वेळी एकाच गिऱ्हाइकाशी बोलतो. दोन टर्मिनल उघडा, एकात ५२०१ पोर्टवर सर्व्हर चालवा, दुसऱ्यात ५२०२वर. मग दोन मशिनी एकदम लावा. आणि उलट दिशेचा पर्याय लावून मोजा, म्हणजे डेटा सर्व्हरकडून मशीनकडे जाईल. तुमची पॉलिसी तपासायची तर तीच दिशा हवी. साध्या दिशेने मोजलंत तर तुम्ही स्विचची परीक्षा घेताय.

हिंजवडी फेज थ्री

स्विचबद्दल मी सांगते, दिवसभर हेच करते.

एलएसीपीचा गट दोन सुट्या स्विचमध्ये विभागता येत नाही. दोन्ही वायरींच्या पलीकडे "मीच तो" म्हणणारं एकच उपकरण लागतं. दोन स्विच मिळून एकच असल्याचं भासवायची सोय असते, स्टॅकिंग किंवा एमलॅग म्हणतात, पण ते स्विच तुमच्या बजेटमध्ये बसणार नाहीत आणि बसवूही नयेत. कपाटातला साधा स्विच तर एलएसीपी बोलतच नाही.

साध्या स्विचसोबत चालतो तो मोड १, अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप. एक वायर काम करते, दुसरी थांबून राहते, पहिली गेली की दुसरी उठते. वाटणी शून्य, पण कुठल्याही दोन स्विचमध्ये चालतो. यात काही गोष्टी सांभाळा. एमआयआयमॉन, म्हणजे वायर जिवंत आहे का हे दर किती वेळाने बघायचं ते, १०० मिलिसेकंद ठेवा. तो शून्य असेल आणि एआरपीची तपासणीही (एखाद्या आयपीला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं) बंद असेल तर वायर निघाल्याचं ड्रायव्हरला कळतच नाही. एमआयआयमॉन फक्त जवळच्या स्विचपर्यंतची वायर बघतो, त्या स्विचच्या पलीकडचं तुटलं तर त्याला दिसत नाही. ते हवं असेल तर एआरपी मॉनिटरिंग लावून राऊटरचा आयपी टार्गेट द्या. हे मोड १ मध्ये चालतं, मोड ४ मध्ये नाही. आणि लाईट येते तेव्हा स्विचच्या पोर्टचा दिवा आधी लागतो, डेटा नंतर जायला लागतो. स्पॅनिंग ट्री (लूप, म्हणजे डेटा गोल फिरत राहणं, टाळायची स्विचमधली सोय) चालू असेल तर पोर्ट मोकळा व्हायला ३० सेकंद जातात. सर्व्हर घाईने त्या वायरीवर परतला की तेवढा वेळ सगळे लटकतात. म्हणून प्रायमरी रिसिलेक्टला (मुख्य वायरीवर कधी परतायचं ते सेटिंग) "फेल्युअर" द्या. चालू वायर गेली तरच तो हलेल.

पण ताई, हे सगळं लावायच्या आधी एक विचारते. तुमचे सात डिझायनर कोणत्या स्विचवर आहेत? सगळे त्या १६ पोर्टवाल्यावरच ना? मग तो मेला की सर्व्हर दुसऱ्या स्विचवर जिवंत राहून कोणाला फाईल देणार? डिझायनरांच्या मशीनला एकच पोर्ट, एकच वायर. सर्व्हरला कितीही वायरी बांधा, वरचा मजला चहाच पिणार.

तुमचा स्विच गेला नव्हता, अ‍ॅडॉप्टर गेला होता. तसाच एक जास्तीचा अ‍ॅडॉप्टर आणून ड्रॉवरमध्ये ठेवा. व्होल्टेज तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिन आणि पोलॅरिटी तीच. स्विचला सर्व्हरच्या यूपीएसवर घ्या, तो फार वीज खात नाही. एवढ्यावरच तुमचं बरंचसं काम होईल.

कपाटातला स्विच खरंच वापरायचा असेल तर तीन डिझायनर त्यावर घाला, म्हणजे मोठा गेला तरी तिघांचं चालेल. दोन स्विचमध्ये एकच वायर टाका. दोन टाकल्या तर साध्या स्विचला लूप ओळखता येत नाही आणि अख्खं ऑफिस आडवं होतं.

बाणेर एडिट रूम

मी व्हिडिओ एडिटिंगवाला. माझा सल्ला थोडा वेगळा आहे. तुमचा खरा त्रास रिपचा दिसतोय. त्यालाच बाजूला काढा की! सर्व्हरला आणि रिपला एकेक २.५ गिगाबिटचं कार्ड लावा आणि दोघांमध्ये थेट एक केबल टाका, मध्ये स्विचच नको. त्या केबलला वेगळा आयपी सबनेट (आयपींचा वेगळा गट) द्या आणि रिपमध्ये शेअरचा पत्ता त्या आयपीचा टाका. टिफचा सगळा लोंढा स्विचवरून उतरतो. २.५ गिगाबिट चांगल्या कॅट ५ई केबलवर १०० मीटरपर्यंत चालतं, भिंती फोडायला नकोत. आणि एका कनेक्शनला खरोखर जास्त स्पीड मिळतो, जो बाँडिंग देत नाही.

विंडोज आणि सांबा ज्या पद्धतीने फायली देतात-घेतात त्या एसएमबीत मल्टिचॅनलही आहे. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२पासून विंडोजमध्ये आहे, सांबात ४.१५पासून आपोआप चालू असतं. एकाच फाईलसाठी ते अनेक कनेक्शन उघडतं, म्हणजे दोन्ही वायरी खऱ्या अर्थाने वापरतं. पण मग सर्व्हरवर बाँड करायचा नाही, दोन पोर्टना दोन सुटे आयपी द्यायचे, आणि समोरच्या मशीनलाही दोन पोर्ट हवेत. सात मशिनींना ते करत बसू नका.

भोसरी नाईट शिफ्ट

बाणेरवाल्यांशी सहमत, रिप वेगळा काढणं सगळ्यात स्वच्छ. फक्त डिस्कचं मी वर म्हटलंय ते आधी तपासा. फिरत्या डिस्कला २.५ गिगाबिटची वायर लावून ती जोरात फिरत नाही.

हिंजवडीच्या मॅडमनी एक गोष्ट सांगितली नाही, ती मी सांगतो, कारण आमच्या कारखान्यात तेच चालू आहे. पुढेमागे दुसरा स्विचही एलएसीपीवाला घेतलात आणि सर्व्हरला चार पोर्टचं कार्ड टाकलंत, तर चारही पोर्ट एकाच मोड ४ बाँडमध्ये घाला. दोन पोर्ट एका स्विचला, दोन दुसऱ्याला. स्टॅकिंग नको, एमलॅग नको. लिनक्स आपणच दोन अ‍ॅग्रिगेटर करतो, एक चालू ठेवतो, एक राखीव. चालू स्विच गेला की दुसरी जोडी उठते. म्हणजे वाटणीही झाली आणि राखीवही झालं. एडी सिलेक्टला (कोणता अ‍ॅग्रिगेटर चालू ठेवायचा ते सेटिंग) "बँडविड्थ" द्या. तो मुळात "स्टेबल" असतो, आणि त्यात चालू जोडीतली एक वायर तुटली तरी तो उरलेल्या एकीवरच रेंगाळतो, दोन्ही वायरी मेल्याशिवाय हलत नाही.

हिंजवडी फेज थ्री

बरोबर आहे. सात डिझायनरांच्या ऑफिसला ते जास्त होईल म्हणून लिहिलं नव्हतं.

पेठेतली प्रेस

सगळ्यांचे आभार. आयपर्फ उलट दिशेने मोजलं. लेयर २ असताना दोन सम मशिनी मिळून ९४०, म्हणजे एकीलाही धड नाही. तीच जोडी ३+४ केल्यावर मिळून १८०० च्या वर गेली. मध्ये एकदा पुन्हा ९४० वर आली, ते का कळलं नाही.

संध्याकाळच्या गर्दीत आयओस्टॅट बघितलं, डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर होती. तेव्हा चालू अंकांच्या कामाला एसएसडी घ्यायची असं बाबांशी बोलले. अ‍ॅडॉप्टर आणलाय, स्विच यूपीएसवर घेतलाय. रिपची वेगळी केबल दिवाळीनंतर.

एक शेवटचं. ३+४ मी चालू बाँडवर तात्पुरतं केलंय, नेटप्लॅनच्या (उबंटूचं नेटवर्क सेटिंग) फाईलमध्ये कायमचं लिहायचं राहिलंय. हार्डवेअरवाला म्हणतो घरून करून देतो, "नेटप्लॅन ट्राय" मारला की चुकलं तर १२० सेकंदांनी आपोआप जुनं परत येतं. करू देऊ का?

भोसरी नाईट शिफ्ट

मध्येच ९४० आले ते योगायोगाने. ३+४ मध्ये पोर्ट नंबर दर वेळी नवा असतो, कधीतरी दोन्ही कनेक्शन एकाच वायरीवर पडणारच. आठ मशिनींत ते सरासरीने निभतं.

घरून करू देऊ नका. नेटप्लॅन ट्राय एरवी चांगला आहे, पण बाँडचे पॅरामीटर बदलले असतील तर ते मागे घेणं त्याला जमत नाही. तिथे सर्व्हरसमोर मॉनिटर आणि कीबोर्ड लावून बसा. आधी जुन्या फाईलची एक कॉपी नेटप्लॅनच्या फोल्डरबाहेर ठेवा, त्याच फोल्डरमध्ये शेवटी .yaml असलेल्या नावाने ठेवलीत तर तो दोन्ही वाचतो. आयपी अ‍ॅड्रेस फक्त बाँडला द्या, खालच्या दोन पोर्टना काही देऊ नका, डीएचसीपीही (आपोआप मिळणारा आयपी) नाही. स्पेसेस नीट मोजा, टॅब चालत नाही. अप्लाय केल्यावर तीच स्टेटस फाईल उघडा आणि हॅश पॉलिसी, दोन्ही स्पीड, दोन्ही अ‍ॅग्रिगेटर आयडी वाचा. मग एक वायर उपसा, कॉपी चालू राहते का बघा, ती लावा, दुसरी उपसा. आणि सर्व्हर एकदा रीस्टार्ट करून पुन्हा तेच वाचा, म्हणजे लिहिलेलं खरंच कायम झालंय की नाही ते कळेल.